आस्वाद कोणाचा, व्यसन कोणाचें?

गेल्या चैत्रांत आमचा एक जुना विद्यार्थी धाराशिवास आमच्या घरीं आला आणि त्यानें पिशवींतून एक बाटली काढून मेजावर ठेविली. विद्यार्थी भेटीस येतात तेव्हां पेढे आणतात, लग्नपत्रिका आणतात, क्वचित् एखादा कवितासंग्रहही आणतात. बाटली आणणारा हा पहिलाच. तुळजापूर तालुक्यांतील एका कोरडवाहू शेतकऱ्याचा हा मुलगा. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवीधर झाला, पुण्यास गेला, आणि आज तेथें बिअरच्या एका लहानशा भट्टींत, जिला हल्लीं सर्वजण ब्रुअरी म्हणतात, बिअर तयार करण्याचें काम पाहतो. बाटलींत गव्हाची बिअर होती. तींत संत्र्यामोसंब्यांची वाळविलेली साल आणि धणे घातले होते. "सर, ही मी स्वतः केलेली आहे. एक घोट घ्या आणि कशी झाली तें सांगा," असें तो म्हणाला.

आम्ही मद्यपी नाहीं. तसेच व्रतस्थही नाहीं. परगांवच्या परिषदांनंतरच्या भोजनांत दोनतीन वेळां पुढें आलेला पेला आम्हीं परत केला नव्हता, एवढाच आमचा या विषयांतील अनुभव. परंतु ज्यानें तीस वर्षें विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्यांत घालविलीं, त्यानें विद्यार्थ्याच्या हातचें काम तपासण्यास नाहीं म्हणावें हें आम्हांस बरें वाटेना. आमच्या पत्नीनें एकवार बाटलीकडे व एकवार त्याच्याकडे पाहिलें, "अरे, जेवायला थांबणार आहेस ना?" एवढेंच विचारलें, आणि ती आंत गेली. हा निषेध होता कीं अनुमति, हें इतक्या वर्षांच्या संसारानंतरही आम्हांस ठरवितां आलें नाहीं.

पेला हातीं घेण्यापूर्वीं एक विधि उरकावयाचा होता. महाराष्ट्रांत दारू उघड विकत मिळते, तिच्यावरील करानें राज्याच्या तिजोरींत मोठी भर पडते, आणि तरीही १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजतागायत अंमलांत आहे. त्या कायद्याप्रमाणें पिणारास परवाना लागतो. बिअर पिण्यास वयाचीं एकवीस वर्षें पुरीं व्हावीं लागतात, कडक मद्यास पंचवीस. आम्हीं बाजारांतून विलायती मद्याचा एक दिवसाचा, पांच रुपयांचा परवाना आणविला. देशी दारूचा असाच परवाना दोन रुपयांस मिळतो. अशा परवान्यांचें प्रयोजन कायद्याच्या भाषेंत प्रकृतीचें रक्षण व स्वास्थ्य हें आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें या राज्यांत आनंदासाठीं पिणारा कोणी नाहींच. जे पितात ते सर्व प्रकृतीसाठीं पितात. प्लेटोनेंही आपल्या 'कायदे' या संवादांत अठरा वर्षांच्या आंतील मुलांस मद्य वर्ज्य सांगून चाळिशी उलटलेल्यांस मात्र सवलत दिली आहे, आणि ती कशासाठीं, तर म्हातारपणाच्या कोरडेपणावर औषध म्हणून! तेव्हां ही सबब फार प्राचीन आहे. आम्हांस त्या दिवशीं कसलाही विकार नव्हता. तरीही तो कागद खिशांत घालून आम्ही रीतसर आजारी झालों.

बिअर पेल्यांत ओतली तेव्हां ती गढूळ दिसली. तांदळाच्या धुणासारखी, पण फिकट पिवळसर, वर पांढरा दाट फेस. गढूळपणा हा या जातीचा दोष नसून गुण आहे, तो गव्हामुळें व तळाशीं राहिलेल्या किण्वामुळें येतो, असें आमच्या विद्यार्थ्यानें सांगितलें. (किण्व म्हणजे यीस्ट. संस्कृतांत जवाच्या मद्यास यवसुरा हा शब्द आहे; गव्हाच्या मद्यास काय म्हणावें हें कोशकारांनीं ठरवावें.) प्रथम नाकास संत्रें सोलतांना उडतो तो तिखट सुवास आला, मग जिभेवर किंचित् आंबटपणा, ताज्या पावाचा मऊपणा, आणि अखेरीस धण्यांची ऊब. कडूपणा नांवालाच. आम्हांस ती आवडली. पुढील सर्व घोटाळा या एका वाक्यांतून निघतो, म्हणून तें येथें स्पष्ट लिहून ठेवितों.

या पेयाचा इतिहासही त्यानें मोठ्या प्रेमानें सांगितला. बेल्जममध्यें हूगार्डन नांवाचें एक गांव आहे. तेथें ही पांढरी बिअर शतकानुशतकें होत असे. न मोडवलेले गहूं, मोडवलेले जव, धणे आणि कुरासाव बेटावरील कडू संत्र्याची साल ही तिची सामग्री. पुढें लोकांची आवड पालटली, आणि १९५७ सालीं गांवांतील शेवटची भट्टी थंड झाली. सुमारें नऊ वर्षांनीं, १९६६ सालीं, पिएर सेलिस नांवाच्या एका दूधवाल्यानें, ज्यानें तरुणपणीं त्याच शेवटच्या भट्टींत हाताखालीं काम केलें होतें, ती पुन्हां पेटविली. आज ही जात जगभर होते ती त्या दूधवाल्याच्या आठवणीमुळें. कुरासावच्या संत्र्याची गोष्ट तर आम्हां मराठवाड्यांतील मंडळींस विशेष लागणारी आहे. स्पॅनिश लोकांनीं सोळाव्या शतकांत त्या बेटावर गोड संत्रीं नेऊन लाविलीं. पण जमीन रुक्ष, पाऊस तोकडा, त्यामुळें फळ कडू झालें व खाण्याजोगें राहिलें नाहीं. सालींत मात्र असा सुगंध उतरला कीं आतां फळ फेंकून देतात आणि साल विकतात.

पुण्यांत हा लहान भट्ट्यांचा धंदा सुरू झाला तो २००९ सालच्या सुमारास. त्या वर्षीं निघालेल्या 'दूलाली' या भट्टीचें नांव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा इंग्रजी अपभ्रंश आहे. देवळालीच्या छावणींत मायदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत कंटाळलेले गोरे शिपाई वेडेपिसे होत, म्हणून त्यांच्या बोलींत वेड लागण्यालाच देवळालीचें नांव पडलें. गांवांच्या नांवांचें काय होईल हें सांगतां येत नाहीं. आमच्या गांवाचें धाराशिव हें नांव निजामाच्या नांवावरून उस्मानाबाद झालें व २०२३ मध्यें पुन्हां अधिकृतपणें धाराशिव झालें. गांवांतील नळाला पाणी मात्र कोणत्याही नांवानें रोज आलें नाहीं.

ह्यूमनें १७५७ च्या आपल्या अभिरुचीवरील निबंधांत 'डॉन क्विक्झोट'मधील एक गोष्ट घेतली आहे. सँको पांझाच्या दोघां नातलगांस एका पिंपांतील मद्याची परीक्षा करण्यास बोलाविलें. एक म्हणाला, मद्य उत्तम आहे, पण किंचित् चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण लोखंडाची चव लागते. दोघांचीही टर उडविली गेली. पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली निघाली. अभिरुचि ही केवळ लहर नसून वस्तूंत असलेलें कांहीं ओळखण्याची शक्ति आहे, असें ह्यूमला या गोष्टींतून दाखवावयाचें होतें. आमची परीक्षा इतकी निष्कपट नव्हती, कारण धणे घातले आहेत हें आम्हांस आधींच सांगितलें होतें, आणि सांगितलेलें ओळखणें ही कांहीं मोठी विद्या नव्हे. परंतु आमच्याही पेल्याच्या तळाशीं एक किल्ली होती. ती वर येण्यास दुसरा दिवस उजाडावा लागला.

तिच्याकडे वळण्यापूर्वीं धण्यांची हकीकत सांगितली पाहिजे. हे धणे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शेतांतले होते. वडील माळकरी; गळ्यांत तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकी चुकवावयाची नाहीं, मद्यमांसाचें नांव घ्यावयाचें नाहीं. मुलगा सुटींत आला आणि कांहीं किलो धणे घेऊन गेला. विचारलें तेव्हां मसाल्याच्या कारखान्यासाठीं नेतों म्हणाला. हें सांगतांना त्याचा चेहरा उतरला. "सर, आबांना खरं सांगूं का? का तुम्हीच एकदां बोलाल त्यांच्याशीं?" असें त्यानें विचारलें. बाटली घेऊन येण्याचें खरें कारण हें होतें. त्याला चवीचा अभिप्राय नको होता. आपण करतों तें काम लाजिरवाणें नाहीं, असें कोणातरी वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकावयाचें होतें.

आम्हीं त्या दिवशीं काय उत्तर दिलें तें सांगण्याजोगें नाहीं. रोमन लोक, वेदांतील सुरा, जर्मनीचे मठ, अशा गोष्टी आम्ही बोललों. विद्वान् मनुष्यास साध्या प्रश्नाचें उत्तर देणें नको असतें तेव्हां तो इतिहास सांगूं लागतो.

तो गेल्यावर आम्हीं आपल्याशींच वाद घातला. पहिला प्रश्न पाण्याचा. मराठवाड्यांत राहणारानें याला बगल देणें बरें नव्हे. एक लिटर बिअर होण्यास धुण्यापुसण्यासकट चारपांच लिटर, कधीं त्याहूनही अधिक, पाणी लागतें. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी गेलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर, पुढें पन्नास वाघिणींच्या गाड्या. त्या गाड्या आमच्या स्टेशनावरून जात. रुळांच्या बाजूस घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया त्या वाघिणींकडे ज्या नजरेनें पाहत, ती आम्हीं पाहिली आहे. गाडी दुसऱ्या जिल्ह्याची होती. त्याच महिन्यांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मद्याच्या कारखान्यांचें पाणी कापण्याचा आदेश दिला, आणि तो योग्यच होता असें आम्हांस त्या वेळींही वाटलें व आजही वाटतें. मात्र त्याच जिल्ह्यांत उसाचे मळे होते, आणि ऊस जितकें पाणी पितो त्यापुढें बिअरचें पाणी चुळकाभर. त्या उन्हाळ्यांत आम्हीं चहांतली साखर सोडली नाहीं. आमच्या ओळखीच्या कोणीही सोडली नाहीं. पाण्याच्या नांवानें आम्हीं दारूवर रागावावें आणि साखर ढवळीत रागवावें, यांत पाण्याविषयींची कळकळ थोडी आणि दारू या शब्दाविषयींची तेढ अधिक होती.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. आपला सुशिक्षित समाज हल्लीं दोन शब्द वापरतो. पुण्यामुंबईच्या लहान भट्टींत बसून फेसाळ पेला हातीं घेतला तर तो आस्वाद. त्याची चर्चा करणारास जाणकार म्हणतात, त्यावर लेख येतात. नाक्यावरच्या देशीच्या दुकानांत उभ्या उभ्या घेतलें तर तें व्यसन, घेणारा दारुडा. कोणी म्हणेल, फरक मद्याच्या जोराचा आहे. तर हिशेब करून पाहूं. आमच्या बिअरमध्यें शेंकडा पांच मद्यार्क होता. अर्ध्या लिटरच्या पेल्यांत पंचवीस मिलिलिटर. देशींत शेंकडा ४२.८, नव्वद मिलिलिटरच्या लहान बाटलींत सुमारें साडेअडतीस. म्हणजे दोन पेले घेणारा जाणकार एक बाटली घेणाऱ्या दारुड्याच्या पुढें जातो. देशी लवकर चढते, रिकाम्या पोटीं घेतली जाते, आणि घरचा पैसा तींत जातो, हें खरें आहे. व्यसनानें उद्ध्वस्त झालेलीं घरें आम्हीं या जिल्ह्यांत पाहिलीं आहेत, त्यांतील बायकांपुढें हें गणित मांडण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. परंतु तो फरक भुकेचा व गरिबीचा आहे. अभिरुचीचा नव्हे.

गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतला सुधाकर कोण होता? मजूर नव्हता, वकील होता. बुद्धिमान्, मानी, सुशिक्षित. आमच्या आजोबांच्या पिढीनें तें नाटक पाहिलें तें आपल्याच दिवाणखान्यांतील धोका म्हणून पाहिलें. त्यानंतरच्या शंभर वर्षांत आम्हीं एवढी प्रगति केली कीं तो धोका दिवाणखान्यांतून उचलून नाक्यावर नेऊन ठेविला.

मिल्लनें १८६१ सालीं उच्च आणि नीच सुखांचा भेद सांगतांना एक कसोटी दिली: ज्यानें दोन्ही सुखें अनुभविलीं आहेत त्याचाच निवाडा मानावा. आम्ही वर्गांत ही कसोटी दरवर्षीं शिकवितों. देशी दारू आम्हीं कधीं जिभेला लाविलेली नाहीं. आणि ती ज्या दिवसाच्या अखेरीस घेतली जाते तसा दिवसही आम्हीं कधीं काढलेला नाहीं. मिल्लच्या न्यायानें या खटल्यांत आम्ही न्यायाधीश होऊं शकत नाहीं. आणि नेमके न्यायाधीश म्हणूनच आम्ही एकदां बसलों होतों.

वीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. ज्या महाविद्यालयांत आम्ही त्या वेळीं होतों तेथें एक शिपाई रोजंदारीवर असत. वयानें आमच्याहून मोठे. सर्वजण त्यांना मामा म्हणत. मे महिना, परीक्षांचे दिवस. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेंपोंतून उतरवून दुसऱ्या मजल्यावर नेण्याचें काम त्यांच्याकडे होतें. एके दिवशीं संध्याकाळीं त्यांच्या तोंडास वास आला, कोणीतरी तक्रार केली, आणि तिघांची चौकशी समिति नेमली गेली. त्या तिघांत आम्ही होतों, व लिहिण्याची हौस आमची असल्यामुळें अहवालही आम्हींच लिहिला.

मामा समितीपुढें उभे राहिले. त्यांना बसा असें आम्हांपैकीं कोणी म्हटलें नाहीं. घेतली होती का, असें विचारतांच त्यांनीं सांगितलें, "व्हय साहेब, थोडी घेतली. दिवसभर गठ्ठे वाहिले, पाठ धरली होती. घेतल्याबिगर रातीला झोप नसती लागली. काम चुकलं असंल तर सांगा." काम चुकलें नव्हतें. एकही गठ्ठा इकडचा तिकडे झाला नव्हता. दुसऱ्या मजल्यावरील कपाटास कुलूप लावून किल्ल्या त्यांनीं कार्यालयांत आणून दिल्या होत्या, वास आला तो त्यानंतर. आम्हीं अहवालांत लिहिलें कीं, सेवेच्या आवारांत मद्यप्राशन केलेल्या स्थितींत आढळल्याचें त्यांनीं कबूल केलें आहे, व संस्थेच्या शिस्तीच्या दृष्टीनें त्यांस पुढें कामावर ठेवणें इष्ट नाहीं. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतें. पहिल्या तारखेपासून मामा दिसले नाहींत. ते टोळीबरोबर ऊस तोडावयास गेले, असें पुढें कानावर आलें.

बाटली रिकामी झाल्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो पांच रुपयांचा परवाना आमच्या सदऱ्याच्या खिशांत सांपडला, आणि हा सगळा प्रसंग जसाच्या तसा डोळ्यांपुढें उभा राहिला. मामांजवळ परवाना नव्हता. दोन रुपयांचा तो कागद असता तरी आम्हीं आमचा अहवाल बदलला असता असें म्हणवत नाहीं. परंतु त्यांनीं सांगितलेलें कारण पाहा. पाठ धरली होती, झोप लागली नसती. परवान्याच्या कायद्यांतील प्रकृतिस्वास्थ्य तें हेंच. आम्ही रुचीसाठीं प्यालों आणि कागदावर आजारी ठरलों. ते दुखण्यासाठीं प्याले आणि कागदावर बेशिस्त ठरले. राज्य करास प्रकृतीचें नांव देतें, आमचा विद्यार्थी बिअरच्या धण्यांस मसाल्याचें नांव देतो, आम्ही आमच्या घोटास परीक्षणाचें नांव दिलें. या सबंध प्रकरणांत जी गोष्ट केली तिचें तेंच नांव सांगणारा एकच मनुष्य होऊन गेला, आणि त्याला आम्हीं घरीं पाठविलें.

यावरून कोणी असें समजूं नये कीं आम्ही दारूची वकिली करूं लागलों आहों. कामाच्या आवारांत पिऊन येणें बरें नव्हे, हा नियम आम्हांस आजही मान्य आहे. समज देतां आली असती. गठ्ठे वाहण्यास दुसरा माणूस जोडीला देतां आला असता. निदान बसा म्हणतां आलें असतें. आम्हांस टोंचतें तें हें कीं, त्या वेळीं आम्हीं नियमाचा विचार केलाच नाहीं. आम्हीं वासाचा विचार केला. तोच वास त्या वर्षींच्या एका परिषदेच्या भोजनांत आमच्या शेजारच्या खुर्चीवरील विद्वान् गृहस्थांस येत होता, आणि त्यांच्या विनोदावर आम्ही मनापासून हंसत होतों.

विद्यार्थ्यास आम्हीं मागाहून पत्र लिहिलें. बिअर चांगली झाली आहे. सालीचा वास थोडा कमी चालेल. आणि धणे कोठें जातात तें आबांस सांग, तूंच सांग, आमची मध्यस्थी नको. त्यांनीं धणे देण्याचें बंद केलें तर तो त्यांचा अधिकार आहे. माळ त्यांची आहे आणि शेतही त्यांचें आहे. परंतु कशास हो म्हणतों आणि कशास नाहीं, हें त्यांस ठाऊक असलें पाहिजे. त्याचें उत्तर महिन्यानें आलें. आबा दोन दिवस बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं एवढेंच विचारलें, कीं पुण्याच्या त्या लोकांनीं धण्यांस भाव काय दिला. आणि भाव ऐकून म्हणाले, पुढच्या वर्षापासून धणे आडतीवर घालीन, तुला नाहीं.

हें पत्र वाचून आम्ही आमच्या त्या जुन्या महाविद्यालयाच्या कार्यालयांत गेलों आणि मामांचा पत्ता मागितला. लिपिक नवा होता, पण सौजन्यानें त्यानें दोन जुन्या नोंदवह्या काढून पाहिल्या. रोजंदारीवरील माणसांचीं नांवें व रोज त्यांत लिहिलेला होता. पत्ता लिहिण्याची रीत त्या वेळीं नव्हती. भूमकडचे असावेत, असें एका वृद्ध ग्रंथपालांनीं सांगितलें, पण त्यांनाही नक्की आठवत नव्हतें. अहवालाची प्रत मात्र फाइलींत लगेच मिळाली.